आईचा पाय आणि दुबलगुंडीची माती

माझी आई त्या दिवशी दुबलगुंडीला गेली नव्हती, दुबलगुंडीच तिच्या पायाखाली आली होती. हे तिचं म्हणणं आहे, आणि तिच्या म्हणण्याला विरोध करणारा माणूस आळंदमध्ये अजून जन्मायचा आहे. (माझे वडील जन्मले आहेत, पण ते विरोध करत नाहीत.)

दुबलगुंडी म्हणजे आईचं माहेर. तिथे तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, शेती करतो. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, ते मामाच्या मुलाचं लग्न ठरेपर्यंत. लग्नाच्या धांदलीत मामाने बहिणीची पत्रिका आळंदला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे दिली. कंडक्टरने ती स्टँडवरच्या पानवाल्याकडे दिली. पानवाल्याने ती चुन्याच्या डब्याखाली ठेवली आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, पांढऱ्या बोटांच्या ठशांसकट, आमच्या घरी पोचवली.

आमच्याकडे जवळच्या नात्यात लग्नाचं बोलावणं स्वतः जाऊन द्यायचं असतं. कपाळाला कुंकू लावायचं, कुंकवाचे तांदूळ हातात ठेवायचे. यालाच अक्षत देणं म्हणतात. आईने ती पत्रिका चिमटीत धरून सगळ्या गल्लीला दाखवली.

“सख्ख्या बहिणीला मोटरीतनं आमंत्रण! तिकीट तरी काढलं व्हतं का हिचं? आता दुबलगुंडीच्या मातीला पाय लावीन तर नावाची शकू न्हाई!”

हे मामाच्या कानावर गेलं. तोही तिचाच भाऊ.

“सख्ख्या बहिणीला आमंत्रण लागतंय व्हय? मग मलाबी लागतंय. शकी सोता यिऊन हातात अक्षत देईपत्तूर मी तिच्या दारात पाऊल टाकणार न्हाई!”

झालं! तिचा पाय तिकडे पडेना, त्याचा इकडे पडेना, आणि वर्षांमागून वर्षं गेली. आणि मग माझं लग्न ठरलं.

लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मला माझाच मामा हवा होता. लहानपणी मला खांद्यावर बसवून त्याने तुरीचं सगळं रान दाखवलं होतं, आणि तापात पडले होते तेव्हा रात्रभर उशाशी बसून होता. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, चिंताकीचा एक लांबचा मामा सुचवला. तो मला ओळखत नव्हता, मी त्याला ओळखत नव्हते. पण “पाठीमागंच उभारायचंय की, तोंड कशाला बघायलीस?” असं अप्पांचं म्हणणं. मी दोन दिवस जेवले नाही. (वेफर्स खाल्ले. वेफर्स म्हणजे जेवण नव्हे.)

मी तेव्हा नोकरीला होते. पुण्यात हॉटेलचा कोर्स करून आले, आणि हुमनाबादजवळ हैदराबादच्या एका शेटजींनी द्राक्षांचे मळे लावून वाइनचा कारखाना काढला होता, तिथे येणाऱ्या पाहुण्यांची बडदास्त ठेवायचं काम मला मिळालं. आईने आळंदमध्ये सांगून ठेवलं होतं, की आमची सुनी द्राक्षाच्या रसाच्या कारखान्यात आहे. रस पुढे बराच काळ मुरत ठेवतात, एवढाच भाग ती गाळायची.

पण पाहुणे येईनात. तेव्हा शेटजींनी गरम हवेचा एक भला मोठा फुगा मागवला. पहाटे फुग्यात बसायचं आणि उगवत्या सूर्यात वरून द्राक्षमळे बघायचे! पहिले काही दिवस कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना फुकट फिरवायचं ठरलं, म्हणजे हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो मिळतील. मी लगेच आईचं नाव दिलं. लग्नाआधी तिला एकदा हसताना बघावं, एवढीच इच्छा.

आई सहजासहजी तयार होणार नव्हती. पण सोलापूरच्या जाऊबाई नुकत्याच विमानात बसून आल्या होत्या आणि त्यांनी ते तिला तीनदा सांगितलं होतं.

“त्या इमानाला वर छप्पर असतंय,” आई म्हणाली. “उघड्यावर उडून दाखवावं म्हणावं.”

“पण ह्याला वळवतेत कसं?” अप्पांनी विचारलं.

“जीपसारखं!” मी ठोकून दिलं. “आपण म्हणू तिकडं जातंय.”

मला फुग्याबद्दल तितकीच माहिती होती जितकी फुग्याला माझ्याबद्दल. पण गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असलं की माणसाला असं बोलता येतं.

पहाटे अंधारातच आम्ही मळ्यात पोचलो. थंडी मरणाची. फुगा चालवणारे कॅप्टन राजस्थानचे होते, मिशा टोकदार, बोलणं हिंदी. फुग्याखाली माणसांनी उभं राहायची वेताची टोपली आणि डोक्यावर गॅसची शेगडी. शेगडीने एकदम हात-दोन हात जाळ सोडला तसं अप्पांनी दोन्ही चपला हातात घेतल्या.

“तुमी दोघी जावा. मी कंपनीच्या जीपमधनं मागं मागं येतो. लग्न लावून द्यायला कुणीतरी खाली पायजे.”

आईने पिशवी उघडली. नवीन वाहनाची पूजा केल्याशिवाय ती सायकलवरसुद्धा बसत नाही. तिने टोपलीला हळदकुंकू लावलं, कुंकवाचे तांदूळ वाहिले आणि नारळ फोडायला हात उगारला.

“अरे अरे! यहाँ गैस के सिलेंडर हैं!” कॅप्टन ओरडले.

“फिर किधर फोडू? तुमारे टकुऱ्यावर?” आई तिच्या दखनीत म्हणाली. (हैदराबादच्या निजामाचं राज्य जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आमच्या घरी परक्या माणसाशी भांडायची भाषा अजून तीच आहे.)

शेवटी नारळ आणि उरलेले तांदूळ पिशवीत परत गेले आणि आम्ही वर गेलो.

खोटं कशाला बोलू, ते दृश्य बघून मला रडू आलं. खाली द्राक्षांच्या ओळी विंचरलेल्या केसांसारख्या सरळ. पलीकडे ज्वारी, हरभरा, काढून ठेवलेल्या तुरीचे ढीग, आणि या सगळ्यावर लाल ऊन हळूहळू पसरत होतं. आईकडे पाहिलं. ती हसत होती! मी फोटो काढला. कंपनीच्या कागदावर तो फोटो पुढे छापला गेला, आणि तो तिच्या हसण्याच्या शेवटच्या मिनिटाचा आहे हे कुणाला माहीत नाही.

कारण पुढच्या मिनिटाला ती म्हणाली, “सुने, ती चिंच बघ. आमच्या चिंचेसारखी दिसायली.”

मग म्हणाली, “तिच्याखाली इहीर बी हाय.”

मग टोपलीच्या काठाला तिने दोन्ही हातांनी धरलं. “सुने! आमचीच इहीर हाय ती! दुबलगुंडी आली! वळव ह्याला!”

मी कॅप्टनकडे पाहिलं.

“मैडम, यह मुड़ता नहीं,” ते शांतपणे म्हणाले. “हवा जिधर, हम उधर.”

“म्हंजी? हॅण्डल नै?”

“नहीं.”

“बिरेक?”

“नहीं.”

“तो फिर तुम इसमें कायकू बैठे?” आईने विचारलं. माझ्या मते हा प्रश्न रास्त होता. मग ती माझ्याकडे वळली. “जीपसारखं म्हनलीस न्हवं? काढ की जीप!”

गॅस संपत आला होता, पुढे विजेच्या तारा होत्या. कॅप्टननी खाली मोकळं रान पाहिलं आणि फुगा उतरवायला घेतला. आई त्यांना दखनीत, मला मराठीत आणि देवाला कानडीत विनवत होती. टोपली एकदा आपटली, उडाली, पुन्हा आपटली, तुराट्यांच्या ढिगाला घासत गेली आणि उभी राहिली. मामाच्या रानात!

“कोई नहीं उतरेगा!” कॅप्टन ओरडले. “बलून अभी गरम है. वजन कम हुआ तो फिर उठ जाएगा। जीप आने तक कोई नहीं उतरेगा!”

“मैं उतरतीच नै!” आई म्हणाली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. कॅप्टननी तिला सलाम ठोकला. इतका आज्ञाधारक प्रवासी त्यांना आयुष्यात भेटला नव्हता.

एव्हाना सगळं गाव धावत सुटलं होतं. सगळ्यांच्या पुढे मामा, डोक्याला पटका, हातात काठी, आपल्या रानात काय पडलं ते बघायला. टोपलीशी आला आणि थबकला. आईने मान फिरवली. मामानेही फिरवली. दोघांच्या मध्ये कॅप्टन सापडले.

“साब,” मामा त्यांना म्हणाला, “उनकू पूछो, चा पिते क्या.”

“उनकू बोलो,” आई म्हणाली, “मैं इधर आयेली नै. हवा लायेली है.”

“उनकू बोलो, आये तो उतरना.”

“उनकू बोलो, मेरेकू कसम है. ये मिट्टीकू पाँव नै लगाती.”

कॅप्टन एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं, “ये दोनों पति-पत्नी हैं?”

“मामा,” मी काठावरून वाकून म्हणाले, “माझं लगीन ठरलंय.” आणि मग मला एवढं रडू यायला लागलं की पुढचं काही बोलता येईना.

मामाचा चेहरा एकदम ओला झाला. मग त्याने काठी टाकली, डोक्यावरचा पटका सोडला, झटकला, आणि टोपलीपासून पुढे रानात पायघडी अंथरतात तसा अंथरला.

“मातीला न्हाई ना लावायचा पाय? मग ह्याच्यावर ठिव, शके. घरापत्तूर अंथरतो. चुकलं माझं. मोटरीतनं पाठवायचं नव्हतं.”

पटका म्हणजे माणसाची इज्जत, तो असा मातीत पडलेला कुणी पाहिला नव्हता.

“अण्णा!” इतक्या वर्षांत आई त्याच्याशी पहिल्यांदा थेट बोलली, तीही ओरडून. “उचल आधी ते! भावाच्या पटक्यावर पाय दिऊ व्हय मी? अक्कल हाय का तुला?”

आणि तो उचलेना म्हणून, पटका उचलायला, माझी आई टोपलीवरून पाय टाकून दुबलगुंडीच्या मातीत धपकन उतरली. अनवाणी! पूजा केलेल्या वाहनात काढून ठेवलेली चप्पल टोपलीतच राहिली.

“नहीं!” कॅप्टन किंचाळले.

माझ्या आईचं वजन मी इथे सांगणार नाही, मला घरी जायचं असतं. एवढंच सांगते की ते उतरल्याबरोबर टोपली कृतज्ञतेने वर उडाली. खाली आई मामाच्या गळ्यात पडून रडत होती, मामा रडत होता, गाव रडत होतं, आणि ज्या नवरीसाठी हे सगळं चाललं होतं ती चिंचेच्या शेंड्यापाशी पोचली होती.

“आई!” मी बोंबलले.

आईने वर पाहिलं. एखादी आई घाबरली असती. माझ्या आईला काम आठवलं.

“सुने! पिशवीत तांदूळ हायत! मामाला अक्षत टाक!”

“आत्ता?”

“मग कवा? सोता यिऊन द्यायची हाय न्हवं? टाक!”

मी पिशवीतले कुंकवाचे तांदूळ ओंजळीत घेतले आणि सोडले. वाऱ्याने ते पसरले. मामावर पडले, आईवर पडले, सरपंचांवर, दोन म्हशींवर आणि निम्म्या गावावर पडले.

“शुक्करवारी लगीन हाय! समद्यांनी या!” आई सगळ्यांना सांगत होती.

“आता नारळ!” खालून कुणीतरी ओरडलं.

“नारळ नगं!” मामा उघड्या टाळूवर दोन्ही हात धरून पळाला. “सुने, नारळ घरी घिऊन ये!”

“और वजन मत फेंको!” कॅप्टन हात जोडून म्हणाले.

आम्ही पुढच्या शिवारात हरभऱ्यात उतरलो. हरभऱ्याचा मालक आम्हाला जे बोलला त्यात एकही शब्द छापण्यासारखा नव्हता. तोवर अप्पांची जीप दुबलगुंडीत पोचली होती. तिथे फुगा नाही, पोरगी नाही, आणि बायको ज्या मातीला पाय लावणार नव्हती तिथे मांडी घालून चहा पीत बसलेली.

“सुनी कुठाय?” अप्पांनी घाबरून विचारलं.

“गेली पुढं,” आई बशीतला चहा फुंकत म्हणाली. “आमंत्रणं वाटायली.”

आई चार दिवस माहेरी राहिली. मी आईच्या चपला आणि नारळ काखेत घेऊन शेणखताच्या ट्रॅक्टरमधून कारखान्यावर परतले. शेटजी दारातच पाहुण्यांना घेऊन उभे होते. मी ओळखपत्र सरळ केलं आणि “वेलकम” म्हणाले.

शुक्रवारी दुबलगुंडी जवळजवळ अख्खी आळंदला आली. ज्याच्या ज्याच्या अंगावर तांदूळ पडला होता त्याला आमंत्रण लागू होतं असं गावाने ठरवलं होतं. (म्हशींना आणलं नाही, हे उपकार.) अंतरपाट धरला गेला आणि माझा मामा, माझाच मामा, नवा पटका बांधून माझ्या पाठीशी उभा राहिला. त्याने माझे दोन्ही खांदे असे घट्ट धरले की मला हारसुद्धा उचलता येईना. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरला, वाजंत्री सुरू झाली, तरी हात काही सुटेनात. पलीकडे नवरा मान पुढे करून केव्हाचा ताटकळलेला.

“मामा, आता सोडा नवरीला,” भटजी म्हणाले.

“आधी त्या पाव्हण्याला म्हणावं नीट धर,” मामा म्हणाला. “सोडली की उडती ही.”

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा नवरा अजूनही गच्चीवर गेला की आधी माझा दंड धरतो, आणि लोकांना वाटतं, काय प्रेम आहे!