साथ आहे की नाही

चोपड्याकडच्या आमच्या सरकारी दवाखान्यातले जुने लोक भेटले की चहा येण्याआधीच गॅस्ट्रोचा उन्हाळा निघतो. मी तिथे कंपाउंडर होतो. त्या वर्षी शासनाला दोन गोष्टी एकदमच सुचल्या होत्या, काटकसर आणि निवडणूक. मधे आम्ही सापडलो.

पहिली कात्री जीपच्या डिझेलला लागली. ड्रायव्हर भिका आबा तापीच्या पुलाकडचा उतार आला की इंजिन बंद करायचे. एकदा मागे पेशंट झोपलेला, त्याचा भाऊ घाबरला. "आबा, गाडी बंद पडनी का?"

"नही रे भो, काटकसर चालू शे."

मग विहिरीत टाकायची पावडर निम्मी आली. गावात विहिरी दोन, एक सत्ताधाऱ्यांच्या गल्लीत, एक विरोधकांच्या. वरून दाब आला आणि सगळी पावडर सत्ताधाऱ्यांच्या विहिरीत गेली. दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या बठ्ठ्या, झाडून सगळ्या बाया हंडे घेऊन विरोधकांच्या विहिरीवर. म्हणे, आमच्या पाण्याला वास येतो!

खरा घोळ शब्दाचा होता. साथ जाहीर झाल्याशिवाय जादा सलाईन मिळणार नाही, असा नियम. आणि वरून तोंडी सूचना, 'साथ' हा शब्द वापरायचा नाही, विरोधक उचलतील. 'तुरळक जुलाब' म्हणायचं. आमचे डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी फोनवर तालुक्याच्या साहेबांना एवढंच सांगितलं, "सर, तुरळक जुलाब व्हरांड्यात मावेनात, शाळेत हलवलेत."

शाळेत सखूअक्काची सून होती, डोळे खोल गेलेली. बाटल्या संपत आल्या होत्या. डॉक्टर रोज सांगायचे, "अक्का, साथ जाहीर झाली की बाटल्या येतील." त्यामुळे म्हातारी सकाळी माझ्या खिडकीशी येऊन विचारायची, "भाऊ, साथ झाई का?" मी नकारार्थी मान हलवायचो. फार वाईट वाटायचं.

अशात मंत्री आले. शाळेच्या पटांगणात सभा झाली, अख्खं गाव, मागे पत्रकार. मंत्री रंगात आले. "घाबरू नका, सरकारची तुम्हाला साथ आहे. काल होती, आज आहे, उद्याही साथ राहील!"

टाळ्या थांबायच्या आत सखूअक्का उठली.

"साथ शे, आसं तुम्हीच सांगं ना भाऊ? मंग मनी सूनले सलाईन द्या."

मंत्र्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी आमच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर खुर्चीत नव्हते. ते पोस्टातल्या फोनवर जळगावच्या जिल्हा कार्यालयाशी बोलत होते. "हो सर, साथ आहे. मंत्रिमहोदयांनी स्वतः जाहीर केलंय, सगळ्या पत्रकारांसमोर."

संध्याकाळी भिका आबा जीपभर बाटल्या घेऊन आले. पुलाकडच्या उतारावर त्यांनी इंजिन बंद केलं नव्हतं.