‘बंद करून राहिली’ : सदर ते कामठी, एका तारेचा प्रवास

नागपूरला केव्हा जावं, उतरावं कुठे, सावजी झेपेल का, असं विचारणारे निरोप मला अधूनमधून येतात. उत्तरं देतो, पण आधी माझी पहिली नागपूरवारी सांगतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी काही फिरायला गेलो नव्हतो. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी संगणक जोडून द्यायचं काम करायचो. नागपूरच्या एका शेतीपंप विकणाऱ्या कंपनीचं काम आलं. सदर भागात कचेरी, सीताबर्डीला दुकान, शहराबाहेर कामठीला गोदाम. तिन्हीकडचा माल एकाच संगणकावर दिसायला हवा होता. शिवाय पुढे चंद्रपूर, वर्धा, अमरावती अशा शाखा निघतील तेव्हा सगळं उखडायला लागू नये, अशी अट होती. आराखडा मी काढला, म्हणून बसवायलाही मीच निघालो.

मी स्वभावाने संशयी. तिकीट तीनदा तपासतो, दुकानदाराने सुटे परत दिले की नोट उजेडात धरतो. मोडेमच्या पेट्या असलेली ट्रंक बाकाच्या पायाला साखळीने बांधूनही मला गाडीत धड झोप लागली नाही. समोरचे काका आपुलकीने केळी देत होते, तर ह्यांना ट्रंकेत काय आहे ते हवंय, अशी माझी खात्री. बडनेऱ्याला ते उतरून गेले आणि जाताना केळ्यांची फणी माझ्यासाठी ठेवून गेले.

एप्रिल महिना होता. तुम्ही जाणार असाल तर एप्रिल-मे सरळ टाळा, डिसेंबरात जा, संत्रीही मिळतील. सीताबर्डीला व्हरायटी चौकाच्या मागे एका लॉजमध्ये उतरलो. खोली स्वस्त, खिडकीत वाळ्याचा कूलर, नळाला पाणी मात्र वेळेपुरतं. सकाळी मॅनेजरने दार वाजवलं. "साहेब, पाणी येऊन राहिलं." म्हणजे पाणी आलंय आणि आता राहणार आहे, असं समजून मी खाली जाऊन निवांत तर्री-पोहे खाल्ले, नाकाडोळ्यातून पाणी काढलं, वर आलो तर नळ कोरडा. मॅनेजर खोटं बोलतो, अशी मी वहीत नोंद केली.

सदरला जायला सायकलरिक्षा केली. (आता मेट्रो आहे, रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागत नाही.) कंपनीचे मालक भाऊसाहेब, पांढरा सफारी, बोलायला मोकळे, नजर मात्र बारीक. त्यांना पाहून मला बरं वाटलं, कारण हा माणूस माझ्यापेक्षा संशयी निघाला.

आराखडा साधा होता. सदरच्या संगणकापासून टेलिफोन खात्याच्या भाड्याच्या दोन तारा, एक दुकानाला, एक गोदामाला. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना मोडेम, म्हणजे संगणकाचं बोलणं तारेवरून जाईल अशा आवाजात बदलणारी पेटी. सदरला सगळ्या तारा एका मोठ्या पेटीत येणार. तिला आठ तारांसाठी आठ जागा, प्रत्येक जागेवर एक लाल दिवा. तार जिवंत असली की दिवा चालू.

भाऊसाहेबांनी पेटीसमोर खुर्ची ओढली.

"इंजिनियरसाहेब, भोकं आठ अन् तारा दोन. बाकीची सहा काहून?"

"उद्या चंद्रपूर उघडलंत की एक तार, एक मोडेम आणायचा आणि तिसऱ्या जागी लावायचा. बाकी कशालाही हात लावायला नको."

"चंद्रपूर उघडू तवा पेटी घेऊ. ह्या पेटीवाल्याशी तुमची ओळख हाय का?"

ओळख होती, पण दलाली नव्हती. मी तसं सांगितलं. कोपऱ्यातल्या टेबलावरून त्यांचे जुने कारकून देवरावजी चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. त्यांनाही ते पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामठी. बर्डीहून बस मिळते, पाऊण तास धरून चाला, उजवीकडची खिडकी टाळा, ऊन तिकडे. छावणीचा हिरवा भाग मागे पडला की यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. गोदामाच्या भिंतीला भिंत लावून अशीच मागांची शेड होती. गोदामाचा सगळा कारभार वनमालाबाई बघत. तिशीच्या, तेल लावून घट्ट वेणी, टेबलावर बुद्धाची छोटी तसबीर. कचेरीत खुर्चीवर बसून काम करणारी घरातली मी पहिलीच, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. दोन भावांचं शिक्षण त्यांच्यावर होतं. टर्मिनल, म्हणजे सदरच्या संगणकाला तारेने जोडलेला पडदा आणि कळफलक, कसं चालवायचं ते दोन तासांत शिकल्या. मग विचारलं, "साहेब, हे मशीन आल्यावर माझं काम राहीन का जाईन?"

"राहील की," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसला नव्हता. सदरला सगळं दिसू लागलं की गोदामात बाई कशाला, हा हिशेब त्यांनी माझ्याआधीच केला होता. आणि इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. जिची नोकरी ह्या तारेने जाऊ शकते, ती ही तार का चालू देईल?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सदरला पेटीसमोर बसलो होतो. अडीचच्या सुमाराला कामठीचा दिवा विझला. अर्ध्या तासाने आपोआप लागला. चौथ्या दिवशी तेच, जवळजवळ त्याच मिनिटाला. टेलिफोन खात्याचा दोष असा घड्याळ लावून येत नाही. मी साधा फोन फिरवला. खरखरीतून वनमालाबाईंचा आवाज आला.

"साहेब, मी बंद करून राहिली."

फोन कटला. बंद करून राहिली! यंत्र बंद करून स्वस्थ बसलेय, असं बाई तोंडावर सांगते? मी रागारागाने भाऊसाहेबांच्या खोलीत गेलो आणि तिचे शब्द सांगितले, माझ्या पुणेरी अर्थासकट. नुसते शब्द सांगितले असते तर त्यांना बरोबर कळले असते. मी म्हणालो, "बाई कबूल करतेय की ती मुद्दाम यंत्र बंद ठेवते."

"मले वाटलंच होतं," भाऊसाहेब म्हणाले. "माझ्या भाच्याले बसवतो तिथं."

त्या संध्याकाळी मी सावजीत जेवलो. रस्सा जाळ होता, पण मी खुशीत होतो. आपल्या आराखड्यात खोट नाही, माणसात आहे, हे कळलं की इंजिनियरला फार बरं वाटतं.

पाचव्या दिवशी तिला रंगेहाथ पकडावं म्हणून मी न कळवता कामठी गाठली. देवरावजींना सांगून ठेवलं होतं की दिवा विझताक्षणी गोदामाला फोन करा. दोन वाजून गेले होते. मी दाराशी पंपांच्या खोक्यांआड उभा राहिलो. बाई टर्मिनलवर भराभर मालाच्या नोंदी चढवत होत्या. एवढ्यात शेजारच्या शेडमध्ये जेवणाची सुटी संपली आणि सगळे माग एकदम सुरू झाले. छतावरचा बल्ब पिवळा पडला, मग काडीच्या उजेडाएवढा झाला. बाईंनी वर बघितलं, हातातली नोंद पुरी केली, बाहेर पडायची आज्ञा टाईप केली, पडद्यावर उत्तर यायची वाट बघितली, आणि मग एकेक खटका खाली करायला लागल्या. फोन वाजला. उजवा हात खटक्यावर, डाव्या हातात फोन.

"हो जी देवरावजी, बंद करून राहिली," त्या म्हणाल्या आणि शेवटचा खटका खाली केला.

तेव्हा मला कळलं. बंद करून राहिली, म्हणजे बंद करतेय. आत्ता, ह्या क्षणी. आणि पाणी येऊन राहिलं, म्हणजे पाणी येतंय, पळा. लॉजचा मॅनेजर खोटारडा नव्हता. चार दिवस मी ही मराठी ऐकत होतो आणि मला वाटत होतं की मला ती समजते.

मी पुढे झालो. त्या दचकल्या नाहीत. ड्रॉवरमधून शाळकरी वही काढून माझ्यासमोर ठेवली. बल्ब किती वाजता मंद झाला, किती वाजता पूर्ववत झाला, रोजची नोंद.

"पयल्या दिवशी बंद नाही केलं तर अर्धी नोंद उडाली साहेब. दोन पंप कुठं गेले समजेना. शेजारचे सारे माग एकदम सुरू झाले का अर्धा घंटा वीज पुरत नाही. मंग बल्ब मंदा झाला का मी आधीच बंद करून टाकते."

"मला फोनवर का नाही सांगितलंत?"

"सांगून राहिली होती. तुमीच फोन ठेवला."

फोन कटला नव्हता. रागाच्या भरात मीच आपटला होता, आणि ते मला आठवतही नव्हतं.

"आता सांगून तरी काय," त्या म्हणाल्या. "देवरावजींचा निरोप आला सकाळी. उद्यापासून भाऊसाहेबांचा भाचा बसणार हाय."

म्हणजे नोकरीचा शेवटचा दिवस आहे हे माहीत असताना ही बाई माझं यंत्र इतक्या निगुतीने बंद करत होती. मला तिथे उभं राहवेना.

परतीच्या बसमध्ये मी माझा आराखडा काढून बघितला. मुळात प्रत्येक ठिकाणी विजेचा दाब सांभाळणारा एक स्टॅबिलायझर मी धरला होता. आठ जागांची पेटी धरल्यावर अंदाजपत्रक फुगलं, तेव्हा गोदामाला कशाला लागतोय म्हणून कामठीचा स्टॅबिलायझर मीच खोडला होता. पुण्यात बसून, लाल शाईने. पुढच्या सहा गावांची सोय करताना आज चालू असलेल्या गावाची सोय काढून घेतली होती. वाढू शकेल असं जाळं, असं मी ज्याला म्हणत होतो, ते रोज दुपारी अडीचला तुटत होतं.

भाऊसाहेबांना सगळं सांगितलं, शब्दाचंही आणि लाल शाईचंही. त्यांनी पेटीवरच्या रिकाम्या जागा बोटाने मोजल्या.

"म्हणजे सहा रिकाम्या भोकांपायी माझं कामठी विझलं."

"हो. दोष माझा आहे. बाईंना काढू नका."

भाऊसाहेबांनी बाईंना काढलं नाही. पण फोन उचलला आणि माझ्यादेखतच त्यांना हसत हसत सांगितलं की पुण्याच्या साहेबांना आपली मराठी समजली नाही, त्यांना वाटलं तू बंद करून बसली. देवरावजी हसले, चहावाला हसला, मीही हसलो. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी बर्डीतून स्टॅबिलायझर घेतला, बसमध्ये मांडीवर धरून कामठीला नेला आणि बसवला. अडीच वाजता माग सुरू झाले, बल्ब पिवळा पडला, टर्मिनल चालू राहिलं. सदरहून देवरावजींनी कळवलं, दिवा कायम आहे. मी बाईंची माफी मागितली. "असू द्या साहेब," एवढंच म्हणाल्या.

पुण्याला येताना संत्रा बर्फी आणली. तुम्हीही आणा, चार दिवस टिकते. बाकी सल्ला एवढाच की तिथे कुणी काही ‘करून राहिला’ म्हणालं तर घाईने अर्थ लावू नका. त्यानंतर मी काढलेल्या प्रत्येक आराखड्यात आधी आजच्या जागेचा बल्ब बघितला आणि मग उद्याच्या जागा मोजल्या. संशय घ्यायची सवय गेली नाही, पण पहिला संशय स्वतःच्या लाल शाईवर घ्यायला शिकलो.

वर्षभराने चंद्रपूरची शाखा निघाली. तिसऱ्या जागी तार लावली, बाकी कशालाही हात लावावा लागला नाही. भाऊसाहेब खूश होते. चाचणीसाठी कामठीचं टर्मिनल पाच मिनिटं बंद करायचं होतं, म्हणून मी सदरहून वनमालाबाईंना फोन लावला.

"होय साहेब," त्या एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. "मी यंत्र बंद करत आहे."

पाठ्यपुस्तकातलं वाक्य. मला फार लागलं ते. मी म्हणालो, "वनमालाबाई, तुमच्या पद्धतीने बोला ना. आता समजतं मला."

पेटीवरचा कामठीचा दिवा विझला.

"नको साहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी सांभाळून बोललेलं बरं."