भिकुबाईची सव्वा मूठ

भिकुबाई तोंडाची फाटकी होती, असं आमच्या गावात अजून सांगतात. सांगणारे कोण? ज्यांच्या पोरांचे शेंबूड तिनं पदरानं पुसले, ज्यांच्या पोरांच्या चड्ड्या तिनं शाळेच्या हौदावर धुतल्या, तेच. १९८९ च्या श्रावणापर्यंत या बाईचा आवाज शेजारच्या घरात ऐकू जात नव्हता. तो कोणी वाढवला हे सांगायला मात्र एकाचीही जीभ उचलत नाही. म्हणून मी सांगतो.

पिंपळनेरपासून चार कोसांवर, पांझरेच्या काठाला आमचं गाव. भिकुबाईच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिच्या आईनं पाच घरी भीक मागून हिचं नाव भिकू ठेवलं. लग्न होऊन ती हिलाल पाटलाच्या घरी आली. हिलाल एका सकाळी विहिरीवरची मोटार चालू करायला गेला आणि वायरीला चिकटून मेला. पोरगा निंबा तेव्हा दीड वर्षाचा. भाऊबंद तेरा दिवस रडले आणि चौदाव्या दिवशी जो तो आपल्या वावरात गेला. हिलालच्या वाट्याचं वावर अभिमन आबांनी 'पोऱ्या मोठा होवालोंग', म्हणजे पोरगा मोठा होईपर्यंत, म्हणून कसायला घेतलं. आबा म्हणजे हिलालचे चुलते, भाऊबंदकीतले सगळ्यांत वडील. त्यांच्यापुढे कोणी बोलायचं नाही, असा रिवाज. तो रिवाज आबांनीच पाडलेला.

गावाबाहेर सडकेच्या पलीकडे सिस्टर लोकांची प्राथमिक शाळा होती. चार कौलारू खोल्या आणि बाजूला लहानसं चर्च. रविवारी धुळ्याहून फादर येत, डोंगराकडची मावची-कोकणी आदिवासी ख्रिस्ती घरं मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जमत. बाकीचे सहा दिवस शाळा आमच्या गावाची. झेडपीच्या शाळेत मास्तर आठवड्यातून दोनदा उगवायचा, म्हणून कपाळाला गंध लावल्याशिवाय चहा न घेणाऱ्यांनीही पोरं तिकडेच घातली होती. पोरं सकाळी हात जोडून 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणत आणि संध्याकाळी मारुतीच्या आरतीत झांजा बडवत. दोन्हीकडे आवाज सारखाच मोठा. कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

मुख्य सिस्टर केरळची, सिस्टर युफ्रेशिया. गावाच्या जिभेला ते नाव पेलवेना, म्हणून ती 'फरशीबाई' झाली. तिलाही ते ठाऊक होतं. ती हसायची. तिनं भिकुबाईला आया म्हणून ठेवलं. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पहिलीच्या पोरांना हौदावर न्यायचं. दुपारी तिला पहिलीच्या वर्गात मागच्या भिंतीला बसवून सिस्टरनं अक्षरं शिकवली. पस्तिशीच्या बाईला. पोरं हसली तर सिस्टर त्यांना उठाबशा काढायला लावायची. ही सिस्टर वाईट नव्हती, हे सांगितलं पाहिजे. तिनं पुढे काय केलं, तेही सांगतो.

शुक्रवारी रविवारच्या मिस्सेची भाकर व्हायची. गव्हाचं पीठ आणि पाणी, बस. मीठसुद्धा नाही. भिकुबाई गहू निवडायची, पीठ चाळायची. सिस्टर लांब दांड्याच्या लोखंडी साच्यात ते कालवलेलं पीठ ओतून पापडासारखी पातळ पोळी भाजायची आणि त्यातून रुपयाएवढ्या गोल चकत्या कापायची. चकत्या डब्यात. उरलेली कातरण कोंबड्यांना. रविवारी फादर मंत्र म्हणतात तेव्हा त्या चकत्यांचा प्रसाद होतो, तोवर ते नुसतं भाजलेलं पीठ, असं सिस्टरनंच तिला सांगितलं होतं.

पण कोंबड्यांना टाकायचं हे भिकुबाईला पटेना. कारण ती कानबाईच्या घरची होती. आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी घरात बसते. तिच्या रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळीचे, गहू भाऊबंदकीतल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजतात, पाळण्यातल्या पोरालाही धरून. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. परक्याला तुकडा नाही, जमिनीवर कण नाही. ज्याची मूठ तो भाऊबंद. एका साली मूठ चुकली की पुढच्या साली नाव कोणी घेत नाही, आणि नाव गेलं की माणूस भाऊबंदकीतून गेला. तर अशा घरची बाई देवाच्या नावाचं पीठ कोंबड्यांपुढे कसं टाकेल? तिनं पोरांना ओळीत मांडी घालून बसवलं आणि एकेक तुकडा हातावर ठेवला. खाली सांडायचं नाही, म्हणाली. सिस्टरला ते इतकं आवडलं की पहिला तुकडा तिनंच स्वतःच्या हातानं आबांच्या नातवाला, मगनला दिला.

दोन वर्षं असंच चाललं. मग त्या श्रावणात हाच मगन घरी आजीला म्हणाला, "आजी, आमनी शाळामाबी रोट भेटस. भिकूकाकू वाटस."

झालं. पोराला ते जसं दिसलं तसं त्यानं सांगितलं. पण आबांच्या कानात तो शब्द गरम तेलासारखा पडला. दुसऱ्या दिवशी गावातल्या कडुनिंबाखाली सगळे भाऊबंद बोलावले.

"रोट म्हनजे काय?" आबा म्हणाले. "ज्यास्ना रोट खादा, त्यास्ना तो भाऊबंद. त्या बाईनी आपला पोरेसले किरिस्तावना रोट चारा. आते ती नि तिना पोऱ्या तिकडना. निंबानी मूठ औंदा धरानी नही."

उखर्डू पाटलाची दोन्ही पोरं त्याच शाळेत. तो घाबरत म्हणाला, "आबा, मंग आमना पोरे? त्यास्नीबी खादं."

"लहान पोरेसले काय समजस? गोमूत्र पाजं का झायं."

निंबा आठ वर्षांचा होता. मगनही आठ वर्षांचाच. पण मगनला समजत नव्हतं आणि निंबाला समजत होतं. हा न्याय ऐकून तिथं बसलेल्या सतरा मिशीवाल्यांतला एकही उठला नाही. सगळ्यांनी मान हलवली, तंबाखू मळली आणि घरी जाऊन पोरांच्या तोंडात गोमूत्र ओतलं.

आबांची सून मंजुळाबाई भिकुबाईला विहिरीवर भेटली. तिनं घागर भरता भरता, वर न पाहता सांगितलं, "अक्का, निंबानी मूठ नही धरतस. आबानी सांगं."

"तू काय बोलनी मंग?"

"मी काय बोलसू? मी सून शे."

भिकुबाई भरलेली घागर तिथंच ओतून रिकामी घेऊन घरी आली.

आबा तेवढ्यावर थांबले नाहीत. तालुक्याहून चार माणसं घेऊन ते शाळेत गेले, 'धर्म बाटवता, कुलूप ठोकू' म्हणून ओरडून आले. सिस्टरनं धुळ्याला कळवलं. धुळ्याहून काय उत्तर आलं ते देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी तिनं भिकुबाईला ऑफिसात बोलावलं आणि टेबलावर कागद सरकवला.

"भिकुबाई, वाचून सही करा."

भिकुबाईनं बोट ठेवून वाचलं. *मी शाळेला न विचारता मुलांना कातरण वाटली. यात सिस्टरांचा काही संबंध नाही.*

"सिस्टर, हाई खोटं शे."

"मला माहीत आहे. पण एकशेवीस मुलांची शाळा आहे. तुमची एक सही झाली तर शाळा वाचेल."

"पहिला तुकडा कोनी दिधा मगनले?"

सिस्टरनं पेन पुढे केलं. तिच्या मागे भिंतीवर दहा आज्ञांचा तक्ता टांगलेला होता. पोरं रोज तो एका सुरात म्हणत, भिकुबाईनं झाडू मारता मारता पाठ केलेला.

"आठ नंबरले काय लिखेल शे, वाचा. 'खोटी साक्ष देऊ नको.' पोरेसकडथून म्हनाई लेतस ना तुम्ही? नही म्हनं त्याले छडी मारतस ना?"

"माझ्यावर वरचे लोक आहेत, भिकुबाई."

"आनि मनावर?" भिकुबाईनं स्वतःकडे बोट केलं. "मनावर तर बठ्ठं गाव शे!"

तिनं पेन उचललं. सिस्टरला वाटलं, झाली सही. भिकुबाईनं त्या छापील अक्षरांखाली आपल्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, *सिस्टरांना ठाऊक होतं.* आणि त्याखाली पूर्ण नाव, भिकुबाई हिलाल पाटील. ज्या बाईनं तिला लिहायला शिकवलं, तिच्यासमोर तिनं कागद ठेवला.

"मी बोलावेपर्यंत कामावर येऊ नका," सिस्टर म्हणाली. तिचे डोळे भरले होते म्हणतात. भरले असतील. रडणाऱ्या माणसानंही कागद पुढे सरकवलाच होता. पुढच्या आठवड्यात तिनंच निरोप पाठवला, कारण घंटेपासून हौदापर्यंत सगळं अडलं होतं, आणि भिकुबाई गेली, कारण घरात दुसरं काही येत नव्हतं. पण सिस्टरशी ती कामापुरतंच बोलली, सिस्टरची बदली होईपर्यंत.

तर त्या घडीला दोन्ही दारं बंद. सिस्टर म्हणते येऊ नको, आबा म्हणतात तू तिकडची.

शनिवारी गिरणी धुऊन पुसून रोटाच्या दळणासाठी तयार झाली. आबांच्या अंगणात पितळी परात मांडली. आबा एकेक नाव घेत आणि त्या त्या घरची बाई सव्वा मूठ गहू परातीत टाकी. अभिमन. चुडामण. मगन चुडामण. उखर्डू. अशी तीस-पस्तीस नावं झाली. शेवटचं नाव झालं आणि भिकुबाई दारात उभी. पदरात गहू.

"काब्रं उनी तू?" आबा म्हणाले.

"मूठ टाकाले."

"तुनी मूठ नही शे."

"मनी नहीच शे. बाईमानूसनी मूठ कधी धरी तुम्ही? निंबानी शे."

"त्यानी तिकडना रोट खादा."

"खादा. मीच चारा. आनि आते आईका, आखो कोनले कोनले चारा." ती बोटांवर मोजू लागली. "मगन चुडामण. एक तुकडामा त्यानं पोट भरे नही, मना पदर फाडा त्यानी. उखर्डूभाऊना दोन्ही पोरे. धाकला तर रडी रडी मांगे. चुडामणना भाऊना तीन..." पंधरा नावं. एक चुकलं नाही. "चारनारी मी शे. माले बठ्ठं याद शे."

"त्या पोरेसले गोमूत्र पाजं!" आबा कडाडले.

"मंग निंबाले काब्रं नही पाजं? का तवलोंग गायनं मुतनं आटी गयं?"

अंगणात बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आबांचा चेहरा तांबडा झाला. चुडामण, त्यांचा मुलगा, पुढे आला, "अक्का, देवनं काम शे, निंघ आठेथून." त्यानं तिचा दंड धरला.

तेव्हा मंजुळाबाई उठली. तिनं परातीत हात घातला आणि मूठभर गहू काढले.

परातीत पडलेली मूठ परत निघाली, असं आमच्या गावात कोणाच्या आजोबानंही पाहिलं नव्हतं. कानबाईच्या परातीतून नाव काढायचं म्हणजे पोरावर संकट ओढवून घ्यायचं, असं मानणारी माणसं आम्ही.

"येडी व्हयनी का तू?" चुडामण ओरडला. "आपला पोऱ्यानी मूठ शे ती!"

"म्हनीसनच काढी मी," मंजुळाबाई म्हणाली. तिची मूठ घट्ट होती. "मगननी खादा. नियम शे तर बठ्ठासले शे."

उखर्डूच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि तीही उठली. तिनं दोन मुठी काढल्या. मग तिसरी बाई. परातीचं पितळ दिसायला लागलं.

"टाका! टाका पाठी!" आबांचा आवाज चिरकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना भीती वाटली, आणि तीही देवीची नाही, बायांची.

"पयले निंबानं नाव ल्या," भिकुबाई म्हणाली.

आबा जमिनीकडे पाहत पुटपुटले, "निंबा हिलाल."

"आईकू नही उनं."

"निंबा हिलाल."

"आबा, मगननं नाव कसं ल्हिदं व्हतं? तसं ल्या."

तिसऱ्यांदा आबा ओरडले. रागानंच ओरडले, पण ते नाव रस्त्यापर्यंत गेलं. भिकुबाईनं परातीत मूठ टाकली, वर पाव मूठ टाकली, आणि पदर झटकला.

"पोऱ्या भाऊबंद शे ना आते? मंग हिलालनं वावरबी त्यानंच शे. पाडवाले नांगर मी लावसू."

ते वावर सुटायला पुढे तीन वर्षं गेली, त्यात दोनदा तिनं आबांचा नांगर बांधावरून हाकलला. तोंडाची फाटकी हे नाव तिथं पडलं.

रविवारी संध्याकाळी बायांची पंगत बसली. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. भिकुबाई पहिल्या पाटावर बसली. तिला कोणी बसवलं नव्हतं, तीच बसली. आजूबाजूच्या बाया तिच्याशी बोलायला बघत होत्या, तिनं मान वर केली नाही. कपाळाची शीर तटतटलेली. खायची इच्छा नव्हती, ते दिसत होतं. तरी ती चावत राहिली. एक संपवला, दुसरा संपवला.

मंजुळाबाई टोपली घेऊन तिच्यापुढे थांबली. "अक्का, आखो वाढू का?"

"वाढ," भिकुबाई म्हणाली. "नको म्हनालोंग वाढत ऱ्हाय."