ब्राउझिंग सेंटरमधला सौदा

कॉलेजात असताना मी एका ऑनलाइन खेळातलं वरच्या लेव्हलचं खातं विकत घ्यायला निघालो. विकणारा तंजावरजवळच्या पापनाशमचा, चॅटवर भेटलेला. भरवसा नव्हता, म्हणून त्याला तंजावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये, म्हणजे सायबर कॅफेत, बोलावलं.

त्याने माझ्यासमोर पासवर्ड बदलून दिला.

"खात्याचा ईमेलही माझा घाल," मी तमिळमध्ये म्हणालो.

तो घुटमळला. सोबतच्या भावाला हळूच मराठीत म्हणाला, "ईमेल आपलाच राहू दे. उद्या त्यावरून पासवर्ड बदलून खातं परत ओढून घेऊ."

आमच्यासारखी मराठी बोलणारी जुनी घरं तंजावरकडे आहेत, पण इथे मराठी कुणाला कळणार, असं त्याला वाटलं असावं.

"मला कळतं रे," मी मराठीतच म्हणालो.

मी पैसे न देताच उठलो. एरवी घराबाहेर आपली भाषा कानावर पडली की मला आनंद व्हायचा. त्या दिवशी मात्र बस स्टँडपर्यंत मी मागे वळून पाहत होतो.