दहा हजार सात फरश्या

फरशीकामाचे मुकादम बत्तीस वर्षे ओळंबा आणि गुण्या या हत्यारांच्या सहवासात जगले. हिशेब ते मनातल्या मनात करीत, आणि तो चुकला असे म्हणणारा अद्याप जन्मास यायचा होता. अशा मनुष्यापुढे एके सकाळी नगरकार्यालयाचा आदेश येऊन ठाकला: शहराच्या लोकसंख्येइतक्या, म्हणजे दहा हजार सात फरश्या कार्यालयाच्या मुख्य दारापासून आरंभ करून समान ओळींत, आयताकार बसवाव्यात. प्रत्येक फरशी हा एक नागरिक. सबब एकही कापू नये, एकही उरू नये.

मुकादमांनी खडू घेतला. दोन, तीन, पाच, सात करीत सत्त्याण्णवपर्यंतच्या पंचवीसही मूळ संख्यांनी भागून पाहिले. पुढे जाण्याचे प्रयोजनच नव्हते. दोन अवयवांतला धाकटा शंभराच्या वर जाऊच शकत नव्हता. दर वेळी बाकी उरली. ही संख्या स्वतःच मूळ होती. एक आणि स्वतः यांवाचून कोणालाही आपल्यात भाग न देणारी. मुकादमांनी नकळत हात जोडले.

नगरकार्यालयाच्या साहेबांनी मात्र जोडले नाहीत.

"साहेब, ह्याच्या समान ओळी होत नाहीत."

"का? मजूर कमी पडतात?"

"मजूर कितीही द्या. संख्याच फुटत नाही."

"मग समिती नेमतो."

समितीने तीन बैठका घेऊन संख्येस असहकारी ठरवले आणि आदेश कायम ठेवला. काम पंधरवड्यात न झाल्यास मुकादमी साहेबांच्या मेहुण्याकडे जाणार होती. ह्या गृहस्थांनी थापी आजवर फक्त दुरून पाहिली होती.

रात्रीच्या जेवणाला बायको म्हणाली, "अहो, शेजारची सून आज-उद्यावर आलीय. एक जीव वाढू द्या की!"

"तेच सांगितलं गं. दहा हजार आठ झाले, तर एकशे एकोणचाळीसच्या बहात्तर ओळी. लोण्यासारखं काम! तर म्हणे, आकडा छापून झालाय, आता कुणी जन्मायचं नाही."

"आणि तुम्ही मान डोलावून आलात? मग मांडा सगळ्यांना एकाच रांगेत!"

मुकादमांचा घास हातातच राहिला. एक ओळ. एक गुणिले दहा हजार सात. आयतच तो!

दुसऱ्या दिवसापासून फूटभर रुंदीची ओळ दारातून निघाली. फाटक, बाजार, दवाखाना, गिरणी ओलांडून तीन किलोमीटरांवरच्या ओसाड माळावर, बरोबर चौदाव्या दिवशी, शेवटची फरशी बसली.

"ही रेघ आहे, आयत नव्हे!" साहेब कडाडले.

"चार कोपरे मोजून घ्या, साहेब."

दोन कोपरे दारापाशीच सापडले. उरलेल्या दोहोंसाठी साहेब, समिती आणि सर्वांत मागे मेहुणे भर उन्हात एकामागोमाग एक चालू लागले. शेजारी चालावे तर पाय खडीत. माळावर पोहोचल्यावर साहेबांनी बुटांतले खडे झाडले आणि पूर्ततेच्या कागदावर सही केली.

"आमचे मेहुणे कुठायत?"

"दवाखान्यापाशीच बसलेत, साहेब," मुकादम अदबीने म्हणाले. "मुकादमी नको, असा निरोप दिलाय त्यांनी."