फरीदाचा प्रोग्रॅम का रांगत होता

"कांबळे, जुना प्रोग्रॅम तासाभरात संपतो आणि नवा दोन तास रडत बसतो. याला सुधारणा म्हणायचं?" आमचे मॅनेजर सावंतसाहेब भडकले होते. चूक फरीदाची आहे हे सांगताना फार वाईट वाटतंय, असा चेहरा मी केला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. महाप्याला एका शेडमध्ये आमचं छोटं सॉफ्टवेअर युनिट होतं. एकच कॉम्प्युटर, त्याला जोडलेले चार टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. जवळच्या एका केमिकल कंपनीच्या गोदामासाठी आम्ही चौघं मिळून प्रोग्रॅम लिहीत होतो. चौघांनी हात घातला की कुणाच्या तरी बदलाने पळणारं काम रांगायला लागतं. याला रिग्रेशन म्हणतात. ते पकडायला प्रत्येक बदलानंतर तोच डेटा देऊन वेळ मोजायचा. टेस्टिंग इनचार्ज हे पद मी हट्टाने मागून घेतलं होतं. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून शाळेतल्या पीटीच्या मास्तरांसारखा फिरायचो.

फरीदा पनवेलची, प्रोबेशनवर होती. गोदामातला माल शोधायची नवी पद्धत तिने लिहिली होती. दुसऱ्या दिवशी कंपनीचे लोक येणार होते. हा बदल नापास झाला असता तर तिची नोकरीच धोक्यात आली असती.

"सर, परत एकदा लावा ना. हा फास्टच चालायला पायजे," ती म्हणाली.

"तीनदा लावला. घड्याळ काय खोटं बोलतं?"

सावंतसाहेब वैतागले. "लावा एकदाचा. तोवर सगळे केबिनमध्ये या. काय ते आजच ठरवू."

केबिनमध्ये मी शिस्तीवर झकास भाषण ठोकलं. फरीदाचे डोळे भरून आले. तिचा बदल काढून टाकायचं ठरलं आणि आम्ही बाहेर आलो, तर पडद्यावर काम संपल्याचा मेसेज! तासही झाला नव्हता.

"हे कसं काय?" साहेबांनी विचारलं.

फरीदाने चारही टर्मिनलसमोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. "या वेळी कोण स्टेटस मारत नव्हतं ना!"

किती काम झालं ते विचारायची कमांड म्हणजे स्टेटस. ती दिली की मशीन हातातलं काम बाजूला ठेवून सगळी फाइल पहिल्यापासून मोजायचं. जुन्या प्रोग्रॅमची वेळ घेतली तेव्हा कुणालाच उत्सुकता नव्हती, सगळे जेवायला गेले होते. फरीदाच्या टेस्टला मात्र चौघंही टर्मिनलला चिकटून स्टेटस मारत होतो. सर्वांत जास्त कोण, हे सांगायलाच नको. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम कंपनीच्या लोकांसमोर झकास पळाला. पुढे फरीदा कन्फर्म झाली. सावंतसाहेबांनी माझं पद काढलं नाही, फक्त एक नियम केला: टेस्ट चालू असेपर्यंत टेस्टिंग इनचार्जने दाराबाहेर बसायचं. फरीदाने माझ्यासाठी स्वतः स्टूल नेऊन ठेवलं.

काम मंदावलं की कुणावर बोट ठेवण्याआधी बघावं, ते बोट आत्ता कुठल्या बटणावर आहे.