सुमनचं वेगळं ताट

"गळ्याचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले तेव्हा माझी बायको सुमन शेजारीच बसली होती. मी उलट डॉक्टरांवरच चिडलो. केदारखेड्यात माझं शिलाईचं दुकान. तोंडात कधी दोऱ्याशिवाय काही धरलं नाही, ना तंबाखू, ना बिडी. मानेला गाठ आली तेव्हा दाढेची सूज समजून बरेच दिवस घालवले. तुम्ही घालवू नका.

बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला. तो शरीरसंबंधातून येतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो, कुणाकडून आला ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. औषध आणि रेडिएशन एकत्र दिलं तर अशा गाठीला चांगला गुण येतो, हेही ते म्हणाले. माझं तिकडं लक्षच नव्हतं. सुमनकडं बघायची हिंमत होईना.

औरंगाबादला खोली घेतली. शनिवार-रविवार सोडून रोज रेडिएशन, म्हणजे यंत्रातून गाठीवर किरण; आम्ही त्याला शेक म्हणायचो. सोमवारी सलाईनमधून केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरचं औषध. त्यानं किरणांचा जोर वाढतो. जन्मभर लोकांच्या गळ्याची मापं घेतली, आता माझ्याच मापाचा जाळीचा मुखवटा घालून मला टेबलाला जखडत. नंबर लावून बसायचं, ओकायचं, झोपायचं. जगण्याचाच कंटाळा आला होता.

लग्नापासून सुमन माझं जेवून झाल्यावर माझ्याच ताटात जेवायची. आमच्याकडच्या बायकांची ती रीतच. खोलीवर आल्यापासून तिनं स्वतःचं ताट वेगळं केलं. मला वाटलं, हिला माझ्यावर संशय आला, नाहीतर माझी किळस. जेवणावरचं मनच उडालं. वजन असंच घटलं तर नाकातून नळी घालू, नाहीतर उपचार थांबवावे लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं.

खोलीवर येऊन मी पेजेची वाटी सरकवली. "नळी बी नको न् शेक बी नको. गावाकडं चल. तुला माझी किळस येऊन राह्यली, मंग जगू कशाला?"

तिनं वाटी परत माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाली, "तुमची कशाची किळस? ते माझ्याकडूनच आलं आसंल तुमाला. आजून लागू न्हाई म्हून मी माझं ताट बाजूला केल्तं."

मी रडलो. सकाळी दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारलं. ताटातून हा रोग पसरत नाही आणि यात कुणाचाच दोष नाही, असं त्यांनी न कंटाळता सांगितलं. त्यांचे उपकार मानतो.

नळी लागलीच, पण शेक एकही चुकला नाही. गाठ गेली. तोंड अजून कोरडं पडतं.

नळी निघाल्यावर पेज पहिल्यांदा तोंडानं प्यालो. वाटीत थोडी मुद्दाम ठेवली, तिच्यासाठी.